सीएमव्ही आयजीएम पॉझिटिव्ह आला म्हणजे नेमकं काय समजायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार विचारतात: पत्नीला दहावा आठवडा चालू आहे. दीड वर्षापूर्वी पहिला गर्भ सातव्या आठवड्यात पडला, म्हणून या वेळी 'टॉर्च', म्हणजे बाळाला बाधू शकणाऱ्या काही संसर्गांची रक्त तपासणी, केली. बाकीचे आयजीएम (संसर्गाविरुद्ध शरीर बनवतं त्या अँटिबॉडीचा एक प्रकार; आयजीजी हा दुसरा) निगेटिव्ह, पण सीएमव्ही या विषाणूचा आयजीजी १४८ (६ च्या वर पॉझिटिव्ह) आणि आयजीएम १.३ (१ च्या वर पॉझिटिव्ह) आला. एकानं सांगितलं, बाळ मतिमंद होईल, आत्ताच मोकळं व्हा. दुसऱ्यांनी गोळ्या लिहून दिल्या. पत्नी अंगणवाडीत काम करतात, घरात दोन वर्षांचा पुतण्या आहे. बाळ ठेवायचं का? मागचा गर्भ यानंच पडला का? आणि मी स्वतः रक्त तपासून घेऊ का?

आधी एक फोन करा, मग पुढचं वाचा. जिथं रक्त दिलं त्या लॅबला सांगा की तो नमुना टाकू नका, सीरम (रक्त गोठल्यावर वर राहणारं पिवळसर पाणी) वेगळं काढून डीप फ्रीजमध्ये ठेवा. बहुतेक लॅबमध्ये नमुना चार-आठ दिवस राहतो आणि मग कचऱ्यात जातो. तुमच्या बाबतीत त्या दोन-तीन थेंबांची किंमत फार आहे. का, ते पुढे येतंय.

दुसरं म्हणजे, एवढ्या एका कागदावर गर्भपाताचा निर्णय घेऊ नका. कायद्याचीही घाई नाही आणि वैद्यकाचीही नाही.

मी मिरजेत सूक्ष्मजीवशास्त्राचं काम करते. इकडे जत-आटपाडीपासून अथणी-चिक्कोडीपर्यंतचे पेशंट येतात आणि टॉर्चचे कागद घेऊन घाबरलेली जोडपी त्यात नेहमी असतात. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सीएमव्ही म्हणजे सायटोमेगॅलोव्हायरस. नागिणीचा किंवा कांजिण्यांचा विषाणू ज्या कुळातला, त्याच कुळातला हा. लाळ, लघवी, अंगावरचं दूध, वीर्य, रक्त यांतून पसरतो. लहान मुलाला झाला तर बहुधा कळतही नाही. मोठ्यांना झाला तर दोन-तीन आठवडे रेंगाळणारा ताप, थकवा, मानेला गाठी, यकृताचे आकडे थोडे वाढलेले, असं काहीतरी होतं. बहुतेकांना तेवढंही नाही. पण एकदा शिरला की तो शरीर सोडत नाही, पांढऱ्या पेशींच्या पूर्वज पेशींत दबून बसतो आणि अधूनमधून डोकं वर काढतो. आपल्याकडच्या ज्या ज्या पाहण्या झाल्या, त्यांत बाळंतपणाच्या वयातल्या स्त्रियांपैकी साधारण नव्वद टक्क्यांहून जास्त जणींना तो आधीच होऊन गेलेला दिसतो. घरात चार पोरं, एकाच ताटातलं उष्टं, आईनं चावून दिलेला घास. लहानपणीच तो होऊन जातो.

आता कागदाकडे येऊ. आयजीजी पॉझिटिव्ह याचा अर्थ 'हा विषाणू आयुष्यात कधीतरी भेटला', एवढाच. तुमच्या पत्नीचं सोडा, माझंही रक्त लावलं तर तेच येईल. १४८ हा आकडा ६ शी ताडून लोक घाबरतात; पंचवीसपट, असा हिशेब करतात. तो हिशेब इथं लागू नाही. ६ ही फक्त 'आहे' आणि 'नाही' यांमधली रेघ आहे. वीस वर्षांपूर्वी लागण झालेल्या माणसाचा आकडा २०० असू शकतो आणि महिन्यापूर्वी झालेल्याचा २०. शिवाय एका कंपनीच्या किटचे एकक दुसऱ्या कंपनीच्या किटशी जुळत नाहीत. त्यामुळे सांगलीत १४८ आणि पंधरा दिवसांनी पुण्यात ३१० आला, म्हणजे वाढला, असं म्हणता येत नाही. जुनी पुस्तकं 'चौपट वाढ' पाहायला सांगतात. ती पाहायची असेल तर दोन्ही नमुने एकाच दिवशी, एकाच यंत्रावर, शेजारी शेजारी लावावे लागतात. पहिला नमुना जपून ठेवायचं हे एक कारण.

खरा गोंधळ आयजीएमचा. शिकवताना सोपं करून सांगतात: आयजीएम म्हणजे ताजी लागण, आयजीजी म्हणजे जुनी. सीएमव्हीच्या बाबतीत हे अर्धंच खरं. ताज्या लागणीत आयजीएम एक-दोन आठवड्यांत वर येतो, हे बरोबर. पण तो कित्येक महिने राहतो, काहींत वर्षाहूनही जास्त. दबलेला विषाणू जागा झाला तरी येऊ शकतो. दुसऱ्याच विषाणूचा ताप येऊन गेला, म्हणजे एपस्टीन-बार किंवा पार्व्हो, तरी किट फसतं. रक्तात संधिवाताचा र्‍हुमॅटॉइड फॅक्टर असेल तरी फसतं. केसांसाठी बायोटिनच्या जास्त ताकदीच्या गोळ्या चालू असतील तर काही यंत्रांवर आकडा इकडचा तिकडे होतो. हे पेशंट आपणहून सांगत नाहीत आणि आपणही विचारत नाही. परदेशात, जिथं निम्म्याच बायकांना हा विषाणू होऊन गेलेला असतो तिथंसुद्धा, आयजीएम पॉझिटिव्ह आलेल्या गरोदर स्त्रियांपैकी खरी ताजी लागण तिसऱ्या हिश्शाहून कमी जणींत निघते.

आपल्याकडे तर हे गणित आणखी उलटं बसतं. समजा हजार गरोदर स्त्रियांचं रक्त घेतलं. आकडे फक्त समजण्यापुरते धरा. साडेनऊशे जणींना लहानपणीच होऊन गेलंय. उरलेल्या पन्नासांपैकी या गरोदरपणात एखादीला नवी लागण होईल. पण त्या साडेनऊशेंत, रेंगाळलेला किंवा खोटा आयजीएम शंभरांत दोघींना जरी निघाला, तरी एकोणीस जणी झाल्या. म्हणजे हातात पॉझिटिव्ह कागद असलेल्या वीस जणींत एक खरी. किट वाईट आहे असं नाही. ज्या समाजात जुनी लागण जवळजवळ सगळ्यांना आहे, तिथं सरसकट आयजीएम लावला की हेच होणार. तुमच्या पत्नीचा आकडा तर १.३, म्हणजे रेघेच्या जेमतेम वर. खऱ्या ताज्या लागणीतही आकडा कमी असू शकतो, म्हणून 'कमी आहे, सोडून द्या' असं मी म्हणणार नाही. पण त्या आकड्यावर गर्भ पाडा असं म्हणणाऱ्याला मात्र पुढचा प्रश्न विचारायला हवा: अ‍ॅव्हिडिटी केली का?

अ‍ॅव्हिडिटी म्हणजे आयजीजी विषाणूच्या प्रथिनाला किती घट्ट धरतो, याची मोजणी. लागण नवी असते तेव्हा शरीर घाईघाईनं बनवलेले आयजीजी सोडतं. त्यांची पकड सैल असते. पुढच्या काही महिन्यांत शरीर त्यांतले चांगले चांगले निवडत जातं आणि पकड आवळत जाते. लॅबमध्ये तेच सीरम दोन खळग्यांत लावतात. एक साध्या द्रावणानं धुतात, दुसरा युरियासारख्या रसायनानं. सैल धरलेले आयजीजी युरियात निघून जातात, घट्ट धरलेले टिकतात. दोन्हींचं गुणोत्तर म्हणजे अ‍ॅव्हिडिटी इंडेक्स. सांगलीकरांना हळदीच्या डागाचं सांगायला नको: ताजा असेल तर धुवून निघतो, मुरला की निघत नाही. किती टक्क्यांना कमी म्हणायचं आणि कितीला जास्त, हे किटनुसार बदलतं, म्हणून आकड्यापेक्षा लॅबनं शेजारी लिहिलेला अर्थ वाचा.

कमी अ‍ॅव्हिडिटी साधारण पहिले तीन-चार महिने टिकते. आता तुमचा हिशेब करा. दहावा आठवडा पाळीच्या तारखेपासून मोजलाय. गर्भ खरं तर आठ आठवड्यांपूर्वी राहिला. आजच्या रक्तात अ‍ॅव्हिडिटी जास्त निघाली, तर लागण किमान तीन महिन्यांपूर्वीची, म्हणजे गर्भ राहण्याआधीची ठरते. प्रश्न बऱ्यापैकी मिटतो. हीच तपासणी विसाव्या आठवड्यात केली आणि जास्त आली, तर काहीच कळत नाही, कारण पहिल्या महिन्यात झालेली लागणही तोवर 'मुरलेली' दिसेल. म्हणून तपासणी आत्ताच, आणि म्हणून तो पहिला नमुना जपायचा. इकडच्या प्रत्येक लॅबमध्ये ती होत नाही. नमुना पुण्या-मुंबईला मोठ्या लॅबकडे पाठवावा लागतो. आठवडाभर लागला तरी चालेल.

नमुन्याबद्दल एक. जतवरून एप्रिलच्या उन्हात यष्टीनं डब्यात आलेली, पेशी फुटून लाल झालेली ट्यूब मला नको असते. रक्त घेतलं तिथंच गोठू देऊन, फिरवून, सीरम वेगळं काढा आणि बर्फात पाठवा. उपाशीपोटी यायची गरज नाही. फक्त तेलकट जेवणानंतर लगेच नको, सीरम दुधाळ होतं. बायोटिन चालू असेल तर सांगा. गेल्या काही महिन्यांत रक्त चढवलं असेल किंवा इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन झालं असेल तर तेही सांगा, कारण दुसऱ्याचे आयजीजी तुमच्या रक्तात फिरत असतात.

याहून सोपा पुरावा कदाचित तुमच्या कपाटातच असेल. दीड वर्षापूर्वी गर्भ पडला तेव्हा टॉर्च केली होती का? त्या कागदावर सीएमव्ही आयजीजी पॉझिटिव्ह असेल, तर लागण जुनी हे तिथंच सिद्ध झालं. अ‍ॅव्हिडिटीचे पैसेही वाचले. आणि तेव्हा आयजीजी निगेटिव्ह असेल तर उलट खात्री होते की या दीड वर्षात कधीतरी लागण झाली. मग अ‍ॅव्हिडिटी चुकवू नका. आधी निगेटिव्ह, नंतर पॉझिटिव्ह, हा रक्त तपासणीतला सगळ्यात भक्कम पुरावा. बाकी सगळे तर्क त्याच्या खालचे.

अ‍ॅव्हिडिटी कमी आली तर? तरी आभाळ कोसळत नाही, पण मग गंभीरपणे पुढं जायचं. दुसऱ्या चांगल्या लॅबमध्ये आयजीएम आणि अ‍ॅव्हिडिटी परत करून खात्री करायची आणि फीटल मेडिसिनच्या, म्हणजे पोटातल्या बाळाच्या आजारांच्या, डॉक्टरांना गाठायचं. गरोदरपणातल्या पहिल्याच लागणीत विषाणू बाळापर्यंत पोचण्याची शक्यता साधारण तीस ते चाळीस टक्के असते; सुरुवातीच्या महिन्यांत ती थोडी कमी आणि शेवटी जास्त, पण नुकसान मात्र पहिल्या तीन महिन्यांत पोचला तरच मोठं. पोचलेल्या सगळ्या बाळांना इजा होते असंही नाही. व्हॅलासायक्लोव्हिर या विषाणूविरोधी औषधाच्या मोठ्या डोसवर, दिवसाला आठ ग्रॅम, इस्रायलमध्ये झालेला अभ्यास २०२० साली 'द लॅन्सेट'मध्ये आला. सुरुवातीलाच लागण झालेल्या आयांमध्ये बाळापर्यंत पोचण्याचं प्रमाण ३० टक्क्यांवरून ११ टक्क्यांवर आलं. पण हा डोस मूत्रपिंडाची तपासणी करत, तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच द्यायचा. बाळापर्यंत पोचला की नाही हे आईच्या रक्तावरून कधीच कळत नाही. त्यासाठी गर्भजल काढून पीसीआर (खुद्द विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी) करतात, लागणीनंतर किमान आठ आठवडे सोडून आणि साधारण विसाव्या आठवड्याच्या सुमारास. घाई केली तर खोटं निगेटिव्ह येतं, कारण विषाणू बाळाच्या मूत्रपिंडात वाढून लघवीवाटे गर्भजलात यायला वेळ लागतो. सोबत सोनोग्राफी: मेंदूतल्या पोकळ्या मोठ्या आहेत का, चुन्याचे ठिपके आहेत का, डोक्याचा घेर, आतड्याची चमक, वाढ.

मी वर म्हटलं की कायद्याचीही घाई नाही, ते यासाठी. गर्भपाताच्या कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांच्या मतानं आणि ठरावीक गटांतल्या स्त्रियांसाठी चोवीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मतानं गर्भपात करता येतो. गर्भात मोठा दोष निघाला तर मेडिकल बोर्डाच्या परवानगीनं त्याहीपुढे. दहाव्या आठवड्यात अंदाजानं निर्णय घेण्याचं कारणच नाही.

दिलेल्या गोळ्यांबद्दल. त्यांचं नाव तुम्ही लिहिलं नाही. बहुधा स्पायरामायसिन असणार, कारण 'टॉर्च पॉझिटिव्ह' म्हटलं की तेच लिहायची इकडे सवय आहे. ते टॉक्सोप्लाझ्मा या टॉर्चमधल्या वेगळ्याच जंतूचं औषध आहे. सीएमव्हीवर त्याचा शून्य उपयोग. कमी डोसचं असायक्लोव्हिर असेल तर तेही तसंच. लिहून देणाऱ्यांना विचारून बंद करा. फॉलिक अ‍ॅसिड मात्र बंद करू नका.

मागचा गर्भ यानं पडला का? नाही म्हणूनच धरा. सुरुवातीचे निम्मे किंवा त्याहून जास्त गर्भ गुणसूत्रांतल्या चुकीमुळे पडतात. त्यात कुणाचा दोष नसतो आणि ते बहुधा पुन्हा घडतही नाही. एकदाच गर्भ पडला असेल तर कसल्याच मोठ्या तपासण्यांची गरज नसते. पुन्हा पुन्हा पडला तर थायरॉइड, साखर, अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी, गर्भाशयाचा आकार, दोघांची गुणसूत्रं हे पाहायचं, टॉर्च नाही. टॉर्च हे नाव १९७१ साली आंद्रे नाहमियास यांनी नवजात बाळातल्या काही संसर्गांसाठी सुचवलं होतं. संसर्गाची खूण दिसणाऱ्या बाळासाठी असलेली ही यादी, गर्भ पडलेल्या प्रत्येक बाईच्या माथी कशी आली, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. माझं स्पष्ट मत: लक्षण नसताना, सोनोग्राफीत काही नसताना, सरसकट सीएमव्ही आयजीएम लावणं बंद व्हावं. त्यातून मिळणाऱ्या माहितीपेक्षा पडणारे गर्भ जास्त आहेत, अशी मला भीती आहे.

म्हणजे अँटिबॉडी तपासणी निरुपयोगी का? तसंही नाही. तरुण माणसाला तीन आठवडे ताप आहे, डेंग्यू-टायफॉइड निघत नाही, रक्ताच्या स्मिअरमध्ये वेगळ्या दिसणाऱ्या लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) आहेत, एसजीपीटी (यकृताचा आकडा) वाढलंय, तिथं आयजीएम चांगलं उत्तर देतो. मूत्रपिंड प्रत्यारोपणाआधी दाता आणि घेणारा दोघांचा आयजीजी पाहणं तर सक्तीचंच. दाता पॉझिटिव्ह आणि घेणारा निगेटिव्ह ही सगळ्यात धोक्याची जोडी. पण प्रत्यारोपणानंतर ताप आला तर अँटिबॉडी लावू नका. औषधांनी दबलेलं शरीर अँटिबॉडी बनवायला उशीर करतं. तिथं रक्तातल्या विषाणूची संख्या मोजणारं पीसीआरच हवं. एचआयव्हीत सीडी४ (प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींची संख्या) पन्नासच्या खाली गेलेल्या पेशंटला दिसणं कमी झालं, तर आधी डोळ्याच्या डॉक्टरांकडे पडदा तपासायला पाठवा. रक्ताच्या कागदाची वाट पाहू नका.

आता थोडं अवघड. अ‍ॅव्हिडिटी जास्त आली म्हणजे धोका शून्य, असं मी लिहून देणार नाही. जुनी लागण असलेल्या आईतही विषाणू जागा होतो किंवा त्याचा वेगळा प्रकार नव्यानं येतो, आणि शंभरांत एखाद्या बाळापर्यंत पोचतो. प्रमाण कमी, पण आपल्याकडे अशा आया एवढ्या आहेत की जन्मजात सीएमव्हीची बहुतेक बाळं त्यांच्याच पोटी येतात. आणि हे ओळखायला आईच्या रक्ताची कुठलीच अँटिबॉडी तपासणी उपयोगी नाही. त्यावर रक्त परत परत काढणं हा उपाय नाही. अठरा ते वीस आठवड्यांची सोनोग्राफी नीट करा आणि जन्मानंतर बाळाकडे लक्ष द्या.

जन्मानंतरचं लिहून ठेवा, कारण तिथं मुदत आहे. शंका असेल तर बाळाची लघवी किंवा लाळ पहिल्या २१ दिवसांत पीसीआरला पाठवायची. त्यानंतर पॉझिटिव्ह आलं तर जन्माआधीचं की आईच्या दुधातून नंतर आलेलं, हे सांगता येत नाही. लाळ पॉझिटिव्ह आली तर लघवीनं खात्री करायची, कारण तोंडात लागलेल्या दुधानंही ती पॉझिटिव्ह येते. लाळ घ्यायची ती पाजल्यानंतर तासाभरानं. बाळाच्या रक्ताचं टॉर्च करू नका: आयजीजी आईचाच असतो, वर्षभरही टिकतो, आणि आयजीएम लागण झालेल्या बऱ्याच बाळांत निघतच नाही. कानाची तपासणी मात्र प्रत्येक बाळाची व्हावी आणि लागण सिद्ध झालेल्या बाळाची पुढची काही वर्षं होत राहावी. जन्मतः ऐकू येत असलं तरी अशा दहा-पंधरा टक्के बाळांचं ऐकणं नंतर कमी होतं. ज्या बाळात लक्षणं दिसतात त्याला पहिल्या महिन्यातच व्हॅलगॅन्सायक्लोव्हिर सुरू करायचा विचार होतो, सहा महिने. तेही बालरोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली, कारण पांढऱ्या पेशी घटतात.

अंगणवाडीचं काम सोडायची गरज नाही. मुलांना शी-शू धुवून दिल्यावर, नाक-लाळ पुसल्यावर साबणानं हात धुवायचे. पोराचं उष्टं खायचं नाही, त्याच्या पेल्यातलं प्यायचं नाही, पापा घ्यायचा तो कपाळाचा. पुतण्याला वेगळं ठेवणं वगैरे काही नको. त्याच्या रक्ताची तपासणी तर मुळीच नको, दोन वर्षांचं पोर पॉझिटिव्ह निघालं तर तुम्ही त्याचं करणार काय?

तेच तुमचं. तुमचा आयजीजी जवळजवळ नक्की पॉझिटिव्ह येईल आणि त्यावरून ताईंबद्दल किंवा बाळाबद्दल एक अक्षरही कळणार नाही. ते पैसे अ‍ॅव्हिडिटीला ठेवा आणि अहवाल आला की गर्भ पडला तेव्हाच्या जुन्या कागदांसह दाखवा.